मिस्टर बोटीवर आणि कार्ड ब्लॉक : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : काका, नमस्कार. माझे मिस्टर बोटीवर असतात. क्रेडिट कार्ड त्यांच्या नावावर आहे, माझ्याकडे त्याचंच ॲड-ऑन कार्ड. बिल दर महिन्याला तेच तिकडून ॲपवर भरायचे पण ह्या खेपेला बोटीवर नेटच धड नव्हतं आणि बिल राहून गेलं. चवथीच्या खरेदीला म्हापशाला गेले तर दुकानात कार्ड चालेना, कस्टमर केअरला फोन केला तर म्हणे पेमेंट आलं नाही म्हणून ब्लॉक केलंय, आणि पुढचं काही सांगायला तयार नाहीत, ज्यांचं कार्ड त्यांनाच फोन करायला सांगा म्हणतात. आता समुद्रातून ते कुठून फोन करणार? वर काल एकाचा फोन आला, बँकेतून बोलतोय म्हणाला, लिंक पाठवतो तिथे कार्डाची माहिती घाला की लगेच सुरू होईल. मी अजून काही केलेलं नाही. बिल ४० हजारांचं आहे, मिनिमम २ हजार दाखवतात. पुढच्या वर्षी फ्लॅटसाठी लोन काढायचंय, ते अडकेल का हो?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : ताई, आधी त्या लिंकचं. तिला हात लावू नका. थकबाकीमुळे ब्लॉक झालेलं कार्ड सुरू करायला कुठलीच बँक कार्डाचा नंबर, सीव्हीव्ही (कार्डामागचा तीन आकडी नंबर) किंवा ओटीपी मागत नाही, तिला फक्त पैसे जमा झालेले हवे असतात. घरात कोणी त्या लिंकवर माहिती भरून बसलं असेल आणि पैसे गेले असतील तर त्याच क्षणी १९३० ह्या सायबर हेल्पलाइनला फोन करा, उशीर झाला की पैसे पुढे फिरतात आणि मग हाती लागणं कठीण.

आता बिल. बँक तुमच्याशी बोलत नाही ते बरोबरच आहे, कारण ॲड-ऑन कार्ड तुम्ही वापरत असलात तरी खातं मिस्टरांचं आणि देणंही त्यांचं. पण बिल भरायला कुणाची परवानगी लागत नाही! तुमच्या फोनवरच्या कुठल्याही यूपीआय ॲपमध्ये क्रेडिट कार्ड बिल असा पर्याय असतो, तिथे बँक निवडायची, मिस्टरांचा बँकेत नोंदवलेला मोबाइल नंबर आणि कार्डाचे शेवटचे चार आकडे घालायचे. पैसे तुमच्या खात्यातून जातात म्हणून त्यांच्या फोनवर येणाऱ्या ओटीपीची गरजच पडत नाही. ॲड-ऑन कार्डाचा नंबर बऱ्याचदा वेगळा असतो, म्हणून चार आकडे स्टेटमेंटवरच्या मेन कार्डाचे घ्या. ॲपमध्ये तुमची बँक दिसलीच नाही तर ब्रँचमध्ये जाऊन कार्ड नंबर लिहून चेक टाकता येतो. काहीही करा पण पेमेंटचा रेफरन्स नंबर जपून ठेवा.

पूर्ण ४० हजार भरता आले तर पूर्णच भरा असं मी कळकळीने सांगेन. मिनिमम वेळेवर भरलं की लेट फी टळते आणि रेकॉर्डवर थकबाकी दिसत नाही, एवढाच त्याचा उपयोग. उरलेल्या ३८ हजारांवर व्याज लागतंच, आणि तेही ड्यू डेटपासून नाही तर खरेदी केली त्या दिवसापासून. महिन्याला साडेतीन टक्के धरा, बऱ्याच कार्डांचा दर त्याच्याच आसपास असतो, म्हणजे व्याज १,३३० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, मिळून साधारण १,५७० झाले. तुम्ही भरलेल्या २ हजारांतले जेमतेम चारशे-सव्वाचारशे मुद्दलात गेले म्हणायचे. आणि जुनं बिल पुरतं फिटेपर्यंत नवीन खरेदीलाही ते बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, आज घेतलेल्या नारळावर आजपासून व्याज. हे कोणी समजावून सांगत नाही म्हणून एवढं लांबण लावून लिहितोय. हातात थोडे कमी असतील तर जेवढे आहेत तेवढे आजच टाका, बाकीचे जमतील तसे, कारण व्याज रोजच्या हिशोबाने चढतं आणि पुढचं स्टेटमेंट यायची वाट बघण्यात काहीच फायदा नाही.

पैसे जमा झाले की असा ब्लॉक बहुतेक वेळा दोन-चार दिवसांत आपोआप निघतो. नाही निघाला तर मिस्टरांना सांगा, नेट मिळेल तेव्हा बँकेत नोंदवलेल्या ईमेलवरून एक मेल टाका, बिल कधी भरलं, रेफरन्स नंबर काय, कार्ड सुरू करा, बस इतकंच. लेखी राहतं आणि पुढे तक्रार करायची वेळ आली तर हाच कागद कामाला येतो. आणि महत्त्वाचं म्हणजे पुढच्या महिन्यात एक छोटं शेपूट येईल, मधल्या दिवसांचं व्याज, लेट फी, जीएसटी. आपण सगळं फेडलं म्हणून लोक तो मेल उघडतही नाहीत आणि तेवढ्याशा रकमेपायी परत थकबाकीदार ठरतात. ते शेपूट येईल तेव्हा लगेच भरा. कार्डावरून वीज बिल, मेडिक्लेमचा हप्ता असलं काही आपोआप कापलं जात असेल तर तेही ह्या महिन्यात गेलं की नाही ते तपासा, मेडिक्लेम चुकला तर नुकसान कार्डापेक्षा मोठं.

लोनचं म्हणाल तर घाबरून जाऊ नका. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे ड्यू डेटनंतर तीन दिवसांच्या वर उशीर झाला तरच बँकेला लेट फी लावता येते आणि सिबिलसारख्या, कोण कर्ज कसं फेडतो त्याची नोंद आणि स्कोअर ठेवणाऱ्या कंपन्यांना कळवता येतं. मात्र तीन दिवस उलटले की उशीर मोजतात तो मूळ ड्यू डेटपासूनच. आता ही माहिती महिन्यातून एकापेक्षा जास्त वेळा जाते, म्हणून एकेक आठवड्याला महत्त्व आहे. थोड्या दिवसांच्या एका उशिरामुळे स्कोअर काहीसा उतरेल पण पुढे वर्षभर बिलं वेळेवर गेली तर होम लोन देणारा त्याकडे बघून दार लावून घेईल असं मला वाटत नाही. वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क चौघांकडूनही, तो लोनच्या अर्जाआधी मिस्टरांना काढायला सांगा. त्यात काही चुकीचं दिसलं आणि लेखी तक्रार करूनही ३० दिवसांत दुरुस्त झालं नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे १०० रुपये भरपाई मिळायची तरतूद आहे.

आणि मिस्टर सुट्टीवर आले की पहिल्याच आठवड्यात ऑटो-पे लावून घ्या, तेही टोटल अमाउंटचं. फॉर्मवर मिनिमम आणि टोटल असे दोन पर्याय असतात आणि खूप जणांचं मिनिममवरच टिक होतं.

प्रश्न : मांद्रेला माझा रेंट-अ-बाईकचा धंदा आहे. जूनपासून गिऱ्हाईक नाही, मे महिन्यात दोन गाड्यांचं काम काढलं ते सगळं कार्डावर, आता तीन महिने बिल भरलेलं नाही. कार्ड बंद केलंय. रिकव्हरीवाले रात्री नऊ-साडेनऊला फोन करतात, एकदा तर भावाला फोन लावून सगळं सांगितलं. आता म्हणतात अर्धे भरा, सेटल करून टाकू. करू काय?
— वाचक, पेडणे तालुका

उत्तर : भाऊ, पैसे देणं आहे हे खरं, पण म्हणून कोणी तुम्हाला असं वागवावं हे अजिबात मान्य नाही. रिकव्हरीचा फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करायचा नाही, आणि घरच्यांना, मित्रांना मध्ये ओढून लाज काढायची नाही, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्येच स्पष्ट केलंय. फोनची तारीख-वेळ लिहून ठेवा आणि बँकेच्या तक्रार विभागाला मेल करा. ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा आलेलं पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करा, एक पैसा लागत नाही, माहितीसाठी १४४४८ वर फोन करता येतो.

सेटलमेंटबद्दल नीट ऐका. अर्धे भरून सुटलात तर रिपोर्टवर क्लोज्डऐवजी सेटल्ड असा शेरा पडतो आणि तो कित्येक वर्षं राहतो, उद्या नवीन गाड्यांसाठी लोन मागायला गेलात की पहिला प्रश्न त्यावरच येणार. तुमचा धंदा बुडालेला नाहीये, पावसामुळे थांबलाय, ऑक्टोबरला टुरिस्ट आला की पैसा येणार. म्हणून तुम्ही स्वतः ब्रँचमध्ये जा, एजंटकडे नको, आणि लेखी मागा की थकबाकीचे ईएमआय करून द्या. त्याचं व्याज कार्डाच्या व्याजापेक्षा बहुधा बरंच कमी असतं. मिनिमम रक्कम ड्यू डेटपासून ९० दिवसांत आली नाही की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज म्हणून नोंदलं जातं, तुम्ही त्या रेषेवर उभे आहात, तेव्हा हे काम चवथीनंतर बघू म्हणून ठेवू नका. सेटल करण्यावाचून गत्यंतरच उरलं नाही तर बँकेच्या लेटरहेडवर पत्र हातात आल्याशिवाय एक रुपया देऊ नका, आणि एजंटच्या पर्सनल नंबरवर जीपे तर कधीच नाही.

प्रश्न : मी कळंगुटला हॉटेलात कामाला आहे, पगार १० तारखेला आणि कार्डाची ड्यू डेट ५. दर महिन्याला उधार घेऊन बिल भरतो. तारीख बदलता येते का?
— वाचक, साखळी

उत्तर : येते. बिलिंग सायकल, म्हणजे बिल कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंतचं ते, बदलायची सोय ग्राहकाला द्यायलाच हवी असा नियम आहे, ॲपमध्ये किंवा कस्टमर केअरला फोन करून होतं. ड्यू डेट १५च्या पुढे येईल असं सायकल मागा. बदलाच्या महिन्यात बिल थोडं जास्त किंवा कमी दिवसांचं येईल, ते बघून घ्या.