वीस नावांना चालतं, पूर्ण यादीला बोंबलतं

प्रश्न: दादा, आमच्या ढोल-ताशा पथकाची यादी जावामध्ये सॉर्ट करतोय. आधी वाद्य, मग अनुभवाची वर्षं जास्त ते कमी, मग आडनाव. इफ-एल्सच्या आत इफ-एल्स करत कम्पॅरेटर (दोघांत आधी कोण ते ठरवणारा कोड) भलताच लांबलाय, शेवटच्या एल्समध्ये मायनस वन रिटर्न केलंय. वीस नावांवर नीट चालतं, पूर्ण यादी टाकली की कधीकधी 'कम्पॅरिझन मेथड व्हायोलेट्स इट्स जनरल कॉन्ट्रॅक्ट' असा एरर येतो. का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर: घोळ त्या शेवटच्या एल्समध्येच आहे. दोघांचं सगळं सारखं असेल तर शून्यच यायला हवं, तू मायनस वन देतोस म्हणजे अ हा ब च्या आधी आणि ब पण अ च्या आधी, आता सॉर्टने करायचं काय! वीस नावांना गप्प बसतं कारण 32 पेक्षा कमी आयटम असले की जावाचा टिमसॉर्ट (सॉर्ट करायची आतली पद्धत) मर्ज, म्हणजे सॉर्ट केलेले तुकडे जोडणं, करतच नाही, एकेक नाव जागेवर घुसवत इन्सर्शन सॉर्ट करून मोकळा होतो, आणि ही लबाडी पकडली जाते ती मर्ज करताना, तीही दरवेळी नाही.

पण नुसतं तेवढं एल्स बदलू नकोस, सगळं पाडून परत लिही. एक फील्ड तपास, शून्य नसेल तर तिथेच रिटर्न, शून्य आलं तरच पुढचं फील्ड, आत आत घुसायचंच नाही. 2014 च्या जावा 8 पासून तर कम्पेअरिंगला वाद्य दिलं आणि पुढे दोन देनकम्पेअरिंग जोडले की तीन ओळीत काम होतं.

फक्त रिव्हर्स्ड जपून वापर. वर्षं उलटी हवीत म्हणून ते साखळीत मागे लावलं की तोपर्यंतची अख्खी साखळीच उलटी होते आणि ध्वजवाले वर, ढोलवाले तळाला. रिव्हर्सऑर्डर त्या वर्षांच्याच देनकम्पेअरिंगमध्ये दुसरं आर्ग्युमेंट म्हणून दे. आणि एकातून दुसरं वजा करून रिटर्न करायची पुणेरी काटकसर नको, इंट (जावाचा साधा पूर्णांक) 214 कोटींच्या पुढे गेला की चिन्हच पलटतं. वर्षांना काही होणार नाही म्हणा, पण उद्या तोच कोड उचलून दुसरीकडे चिकटवशील, त्यापेक्षा इंटिजर डॉट कम्पेअर बरं.

आडनावं देवनागरीत असतील तर अजून एक भानगड आहे. साधं कम्पेअरटू युनिकोडच्या, म्हणजे अक्षरांना दिलेल्या नंबरांच्या क्रमाने जातं, त्यात ळ हा ल च्या लगेच मागे, म्हणून काळे कासारांच्या आधी येतात. आपल्या वर्णमालेत ळ ह च्या नंतर, त्यामुळे तिथे आयसीयू या लायब्ररीचा मराठी लोकेलवाला कोलेटर (भाषेच्या क्रमाने तुलना करणारा) लाव.