डोक्यातला तो पांढरा भुगा कोरडेपणाचाच आहे का, हे आधी बघ

तू लिहिलंयस, "रोज रात्री तेल चोपडते, तरी डोक्यातून पांढरा भुगा पडतो, पाय पांढरे फटक, आता आणखी कुठलं तेल लावू?" ते वाचून मला सात-आठ वर्षांपूर्वीची मीच आठवले. तू जालन्याची, मी सोलापूरची सून. वयाने मोठीच असणार, म्हणून अगं-तुगं करते. मी डॉक्टर नाही, माझ्या डोक्यावर जे झालं तेवढंच सांगते.

भरपूर पाणी पी, कडकडीत पाण्याने अंघोळ करू नको, हे तुला दहा जणींनी सांगितलं असेल. ते सोडते.

माझं माहेर रत्नागिरीचं. आठवड्यातून दोनदा आई डोक्यावर खोबरेल थापायची, विषय संपला. लग्न होऊन सोलापुरात आले आणि पहिल्याच थंडीत काळ्या ब्लाउजच्या पाठीवर मीठ भुरभुरल्यासारखं दिसायला लागलं. इथली हवा कोरडी, म्हणजे डोकं कोरडं पडलं असणार, असं मीच ठरवून टाकलं. तेल वाढवलं. भुगा वाढला. अजून तेल वाढवलं, त्यात एरंडेल मिसळलं. असे चौदा महिने गेले. उशीचे अभ्रे पिवळे पडले, धुतले तरी खवट वास जाईना. नवरा तोंडाने काही बोलला नाही, पण स्वतःची उशी हळूच सरकवून झोपायला लागला.

मधल्या काळात एका केसांच्या क्लिनिकमध्ये गेले. नाव घेत नाही. पांढरा कोट घातलेल्या मुलीने डोक्यावर कॅमेरा फिरवला, स्क्रीनवर माझीच टाळू भेगाळलेल्या शेतासारखी दाखवली आणि म्हणाली, "मॅडम, स्कॅल्प खूपच ड्राय आहे." आठ सिटिंगचं तेलाचं पॅकेज, पैसे हप्त्याने. डॉक्टर कुठे आहेत विचारलं की "सर आत्ताच गेले". पाचव्या सिटिंगनंतर कानामागे चिरा पडून पाणी यायला लागलं. उरलेल्या तीन सिटिंगचे पैसे मागितले, तर काउंटरवरून उत्तर, "तशी पॉलिसी नाहीये." चार फेऱ्या मारल्या, मग सोडून दिलं. पैसे गेल्याचं एक वेळ चालेल. पण इतक्या महागड्या खुर्चीत बसवून एकानेही माझ्या डोक्यावर साधं नख फिरवून पाहिलं नाही, हे मला आजही पचत नाही.

ते नख शेवटी त्वचेच्या डॉक्टरांनी फिरवलं. नखात पिवळट, चिकट पापुद्रा आला. मग त्यांनी भुवया पाहिल्या, नाकाच्या कडा पाहिल्या, कानामागे पाहिलं आणि म्हणाले, "हा कोरडेपणा नाही. सेबोऱ्हिक डर्मटायटिस आहे, म्हणजे तेलकट जागी होणारा त्वचेचा दाह. तेल आजपासून बंद." मॅलॅसेझिया नावाची बुरशी सगळ्यांच्याच डोक्यावर असते. तेलातली फॅटी ॲसिड हे तिचं खाणं, आणि मी चौदा महिने तिला रोज रात्री पंगत वाढत होते! किटोकोनॅझोल या बुरशीनाशक औषधाचा शाम्पू दिला, आठवड्यातून दोनदा, पाच मिनिटं डोक्यावर ठेवून धुवायचा. महिन्याभरात ब्लाउज स्वच्छ. अधूनमधून परत डोकं वर काढतं, तेव्हा परत तोच शाम्पू.

म्हणून तेल कुठलं, हे विचारण्याआधी नख फिरवून बघ. बारीक, सुकी, पिठासारखी भुकटी असेल आणि अंगही ओढल्यासारखं वाटत असेल, तर कोरडेपणा असू शकतो. चिकट, पिवळट, खाजणारं असेल आणि भुवयांत किंवा नाकाच्या कडेलाही सुटत असेल, तर तेलाची बाटली फडताळात ठेव आणि त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. दोन्ही नसून केसही झपाट्याने गळत असतील, तर थायरॉइड तपासून घे.

डोकं स्वच्छ निघालं तर केसांना खोबरेल लाव की, माझं त्याच्याशी वैर नाही. मुंबईतल्या संशोधकांचा 2003 सालचा अभ्यास आहे, खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना केसातलं प्रथिन कमी जातं. सूर्यफुलाच्या आणि खनिज तेलाने तसं झालं नाही. संशोधक खोबरेल विकणाऱ्या कंपनीचेच होते, तेवढं मनात ठेवायचं. पण ते केसाच्या लांबीला, धुण्याआधी तास-दोन तास. रात्रभर मुरवायची गरज मला तरी वाटत नाही. एरंडेल नुसतं लावून केस चोळू नकोस, त्याचा चिकटा भयंकर. जट झाली तर कात्रीशिवाय सुटत नाही.

अंगाचं वेगळं. तेलात पाणी नसतं. ते फक्त असलेलं पाणी उडू देत नाही. सुकलेल्या पायावर तेल चोळलंस, तर चकचकीत कोरडे पाय मिळतील, बस. अंघोळ झाली की टॉवेलने नुसतं टिपायचं, अंग ओलसर असतानाच हातावर चमचाभर तेल घेऊन पायांना लावायचं. मी करडईचं लावते. सासूबाई ते भाजीत घालायच्या, मी पोटऱ्यांना लावते म्हणून आधी हसल्या, आता त्याही लावतात. करडईत लिनोलेइक ॲसिड नावाचं फॅटी ॲसिड भरपूर, ते त्वचेला मानवतं. उलट ऑलिव्ह तेलाने त्वचेचा वरचा थर कमकुवत होतो, असं 2013 च्या एका अभ्यासात दिसलं होतं, त्यामुळे महागडी हिरवी बाटली घेऊन काही मिळत नाही. करडई मात्र लवकर खवट होते. लाकडी घाण्यावरून पाव लिटरच आण, काचेच्या बाटलीत अंधारात ठेव. आधी कोपराच्या आत थेंबभर लावून एक दिवस बघ, हे सगळ्याच तेलांना लागू.

"बदाम तेल" लिहिलेल्या बाटलीची मागची बाजू वाच. पहिलं नाव लाइट लिक्विड पॅराफिन, म्हणजे खनिज तेल, असेल, तर बदाम फक्त चित्रात आहे. खोबरेल घेताना हिरवा ठिपका आणि एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्न सुरक्षा संस्थेचा, नंबर बघ. लहान बाटलीतलं शुद्ध खोबरेल खाद्यतेलात धरायचं की केसांच्या तेलात, यावर कराच्या भांडणापायी डिसेंबर 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाला निकाल द्यावा लागला, आणि तो खाद्यतेलाच्या बाजूने लागला!

टाचांच्या भेगांना माझ्या माहेरचा उपाय, कोकम तेलाचा गोळा. पळीत वितळवून कोमटसर भेगांत भरायचा, वर सुती मोजे. घरात कुणाला मधुमेह असेल, तर त्यांच्या भेगांवर हे प्रयोग नकोत, सरळ डॉक्टर. आणि तेलकट पायाने न्हाणीघरात फिरू नकोस. शहाबादी फरशीवर मी एकदा अशी घसरले, की आठवडाभर मनगट बांधून पोळ्या लाटल्या. लाटल्या म्हणजे नवऱ्याने लाटल्या, मी नकाशे मोजले.

मेडिकलवाल्याने सुचवलेली "सगळ्यावर चालते" अशी मिक्स क्रीम कानामागे लावू नकोस, त्यात बहुतेकदा स्टेरॉइड असतं. यावर मी तासभर बोलू शकते, पण कुकर झालाय.

नख फिरवून काय दिसलं ते कळव, आणि भुवयांचं आठवणीने सांग.