जुळे तारे की युग्मतारे? आणि 'बर्स्ट' म्हणजे स्फोटच का?

प्रश्न असा आहे: गॅमा-रे बर्स्टवर (दूरच्या अवकाशातून येणाऱ्या गॅमा किरणांच्या क्षणिक लोटावर) मराठीत लिहिताना 'बायनरी स्टार'ला 'जुळे तारे' म्हटलेलं चालेल का, आणि 'बर्स्ट'ला सरळ 'स्फोट' म्हणावं का?

'जुळे' मी टाळेन. जुळं म्हटलं की एका वेळचा जन्म आणि सारखा चेहरा डोळ्यांपुढे येतो. इथे दोन्ही गौण. एक न्यूट्रॉन तारा (मेलेल्या ताऱ्याचा अतिघन गाभा) आणि दुसरं कृष्णविवर अशीही जोडी असू शकते. महत्त्व आहे ते दोघे एकमेकांच्या गुरुत्वाकर्षणाने बांधलेले असण्याला.

'जोडतारा' कानाला गोड, पण सैल. मकर राशीतले अल्फा-१ आणि अल्फा-२ नुसत्या डोळ्यांना शेजारी दिसतात. प्रत्यक्षात एक शंभरेक प्रकाशवर्षांवर, तर दुसरा त्याच्या कितीतरी पलीकडे. तरी तेही जोडतारेच! म्हणून खऱ्या जोडीला 'युग्मतारा' बरा. 'द्वैती तारा'ही रूढ आहे, पण मला त्यात उगाच वेदान्ताचा वास येतो.

आता 'बर्स्ट'. १९६७ मध्ये अमेरिकेच्या वेला उपग्रहांना पहिला असा प्रकार आढळला. ते अणुचाचण्यांवर पाळत ठेवायला सोडलेले होते. कुठे काय फुटलं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. गॅमा किरणांची नोंद एकदम उसळली आणि ओसरली, एवढंच. म्हणजे 'बर्स्ट' किरणांचा आहे, ताऱ्याचा नव्हे. म्हणून 'गॅमा किरणांचा उद्रेक'. 'स्फोट' अतिनवताऱ्यासाठी (सुपरनोव्हा, म्हणजे फुटणारा तारा) राखून ठेवावा, नाहीतर एकाच परिच्छेदात दोन स्फोट येऊन वाचक गोंधळतो. कारण दोन सेकंदांहून लांबलेले बहुतेक उद्रेक महाकाय ताऱ्याचा गाभा कोसळताना होतात, आणि त्यांच्यासोबत अतिनवताराही दिसलेला आहे. (तिथेही त्या ताऱ्याला आधी एखाद्या सोबत्याने गरागरा फिरवलं असावं, असा एक कयास आहे.)

त्याहून आखूड उद्रेक मात्र बहुतेक युग्मताऱ्यांचे. १७ ऑगस्ट २०१७ रोजी एकत्र येणाऱ्या दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या गुरुत्वीय लहरी (अवकाशातले तरंग) पोचल्या आणि जेमतेम १.७ सेकंदांनी फर्मी उपग्रहाने उद्रेक टिपला. अंतर सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षं. अशा एकत्र येण्याला 'टक्कर' म्हणतात, तेही मला खटकतं. टक्कर समोरासमोर होते. हे दोघे कोट्यवधी वर्षं घिरट्या घालत, कक्षा आवळत जवळ येतात. 'विलीनीकरण' अचूक खरं, पण ते बँकांचं वाटतं. मी साधं 'एकमेकांत मिसळले' असं लिहितो.