जर्मनीत जन्मणाऱ्या लेकीसाठी बळाचं नाव

प्रश्न : आम्ही स्टुटगार्टला राहतो. दोन महिन्यांनी मुलगी होईल. नावाचा अर्थ 'ताकद' असावा, यावर आमचं एकमत आहे. नवऱ्याला व्हॅलेंटिना किंवा माटिल्डा आवडतं, साताऱ्याला सासूबाईंना ओजस्विनी हवंय. त्यात बारसं बाराव्या दिवशी आणि इथे हॉस्पिटलात लगेच नाव विचारतात. काय करावं?

उत्तर : आधी घाईचं बघू. जर्मनीत जन्माची नोंद आठवड्याच्या आत करायची असते, पण नाव ठरलं नसेल तर ते कळवायला महिनाभराची मुदत मिळते. हॉस्पिटलात फॉर्म पुढे आला की 'नाव नंतर कळवतो' असं स्पष्ट सांगा. नावासह दाखला थोडा उशिरा मिळेल, पण बारसं रीतसर होईल आणि सासूबाईंना व्हिडिओवरून का होईना, कुर्र करता येईल.

नवऱ्याच्या दोन्ही नावांत बळ खरंच आहे. व्हॅलेंटिना लॅटिनमधून आलंय. धडधाकट, बळकट असणं हा त्याचा मूळ अर्थ. माटिल्डा तर जुनं जर्मन नाव. त्यातला पहिला भाग म्हणजे आजच्या जर्मनमधला 'माख्त', म्हणजे सत्ता, सामर्थ्य. दुसरा भाग युद्धाचा. तिच्या किंडरगार्टनमध्ये गाब्रिएल भेटेल, त्याचा हिब्रू अर्थ 'ईश्वर माझं बळ'. एखादा तुर्की डेमिर भेटेल, म्हणजे लोखंड. सगळीकडच्या आईबापांनी लेकरांसाठी हेच मागितलंय.

तरी माझा कौल आपल्या भाषेतल्या नावालाच. 'तुझ्या नावाचा अर्थ काय?' हे त्या मुलीला जन्मभर विचारलं जाणार, आणि त्याचं उत्तर तिला आजीच्या तोंडून मिळालेलं असावं, असं मला मनापासून वाटतं.

मात्र नाव तिथल्या जिभेवर घोळवून बघा. जर्मन माणूस इंग्रजी 'जे' अक्षराचा उच्चार 'य' करतो. त्यामुळे ओजस्विनीचं ओयस्विनी होईल, ऊर्जाचं उर्या, अपराजिताचं अपरायिता. रोज दुरुस्त करून सांगायची तयारी असेल तर जरूर ठेवा. ओजस्विनी सुंदरच नाव आहे. वीरा हे नाव 'डबल ई' घालून लिहिलंत तर तिथे ते 'वेरा' असं वाचतील. वेरा तिथे ओळखीचं नाव आहे, पण ते रशियनमधून आलेलं आणि अर्थ श्रद्धा. बळ तिथेच हरवलं. वीराच हवं असेल तर एकच 'आय' घालून लिहा.

मला स्वतःला तुमच्यासाठी धृती आवडेल. गीतेच्या दहाव्या अध्यायात, 34व्या श्लोकात, स्त्रियांमधल्या विभूती सांगताना कीर्ती, श्री, वाणी, स्मृती, मेधा, धृती, क्षमा अशी नावं येतात. धृती म्हणजे संकटात न ढळणारं मन. मुलीसाठी याहून मोठं बळ मला माहीत नाही. लिहिताना मात्र हिंदीसारखं 'आय' घालून लिहू नका. ते जर्मन कानाला 'ड्रिट्टे'च्या, म्हणजे 'तिसरी'च्या, फार जवळ जातं आणि शाळेत मुलं ते पकडतात. आपण मराठी माणसं तसंही 'ध्रुती' म्हणतो, तेव्हा 'यू'च घाला. 'ध'चा 'द' होईल, तेवढं चालवून घ्या.

नावावरून मुलगा की मुलगी हे कळलंच पाहिजे का, ही भीतीही अनेकांना असते. 2008 साली जर्मनीच्या घटना न्यायालयापुढे असंच प्रकरण गेलं होतं, आणि नाव होतं आपलं 'किरण'! मुलीचं ते नाव नोंदवायला कार्यालयाने नकार दिला होता. नावातून लिंग कळावं अशी सक्ती नाही, असा निकाल लागला आणि आईवडील जिंकले. त्यामुळे तेजस किंवा किरण मनात असेल तरी मागे हटू नका.

एक गोष्ट विसरू नका. तिला भारतीय नागरिकत्व हवं असेल तर जन्माची नोंद आपल्या वकिलातीत वर्षाच्या आत करावी लागते. जर्मन दाखल्यावर जे स्पेलिंग, तेच तिथे. मधे वडिलांचं नाव घालायचं की नाही, तेही दाखला करण्याआधीच दोघांनी बसून ठरवा.