वाचकांचे प्रश्न : थंडी पडली आणि गाडीचा कॅमेरा रुसला

दिवाळी सरली, कारखान्यांची धुराडी पेटली आणि आमच्याकडं येणाऱ्या प्रश्नांचा सूरच बदलला. पावसाळ्यात सगळे विचारत होते पाण्यातनं गाडी घालू का, आता विचारतायत स्क्रीनवर हे पिवळं काय लागलंय. त्यातले निवडक घेतलेत, ज्यांचे राहिले त्यांनी राग मानू नये.

प्रश्न (कराड) : नवी एसयूव्ही आहे, अडासवाली, म्हणजे कॅमेरा-रडारच्या मदतीनं ड्रायव्हरला सावध करणारी, गरज पडली तर स्वतः ब्रेक मारणारी. पहाटे पुण्याला निघालो की उंब्रजपर्यंत धुकं लागतं आणि ‘फ्रंट कॅमेरा उपलब्ध नाही’ असा मेसेज येऊन क्रूझ (ठरवलेला वेग आपोआप राखणारी सोय) आपोआप बंद पडतंय. ऊन आलं की सगळं सुरळीत. शोरूमवाले म्हणतात नॉर्मल आहे. खरंच नॉर्मल का मला गंडवतायत?

उत्तर : या बाबतीत तरी गंडवत नाहीत. तुमच्या गाडीत पुढं बघणाऱ्या दोन गोष्टी आहेत. एक कॅमेरा, आतल्या आरशाच्या मागं काचेला चिकटलेला, आणि एक रडार, ग्रिलमध्ये किंवा बंपरच्या खालच्या बाजूला. कॅमेऱ्याचं काम आपल्या डोळ्यासारखंच, प्रकाशावर चालतं, त्यामुळं तुम्हाला जे दिसत नाही ते त्यालाही दिसत नाही. रडारचं तसं नाही. ते रेडिओ लहरींवर, ७७ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतं, लहरीची लांबी साधारण ४ मिलिमीटर, आणि धुक्याचा थेंब असतो मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा, म्हणजे रडारच्या दृष्टीनं धुकं जवळजवळ नसतंच. मग क्रूझ का बंद पडलं, तर बहुतेक गाड्यांत दोघांचं म्हणणं जुळल्याशिवाय गाडी निर्णय घेत नाही, पुढं काहीतरी आहे एवढं रडार सांगतं पण ते काय आहे आणि आपल्या लेनमध्ये आहे का हे कॅमेरा सांगतो, आणि तोच आंधळा झाला तर गाडी म्हणते आता तुमचं तुम्ही बघा. होंडाच्या एलिव्हेटसारख्या काही गाड्यांत तर पुढं बघायला फक्त कॅमेराच आहे, रडार नाहीच.

मेसेज आला म्हणून वैतागू नका, उलट आला हे बरं. पण धुकं नसतानाही येत असेल तर काच बघा. आपल्याकडं या दिवसांत रात्रभर दव पडतं, त्यावर शेंद्रे ते कागल सहापदरीकरणाच्या कामाची धूळ बसते, कारखान्याजवळ राहत असाल तर काजळी वेगळीच, आणि सकाळी गडबडीत एकदा वायपर मारला की आरशासमोर बरोब्बर चिखलाचा पट्टा ओढला जातो. ओल्या मऊ फडक्यानं तो भाग पुसा, वायपरचं रबर कडक झालं असलं तर बदला. रडारचं झाकणही पुसा, कारण रडारला धुकं चालतंय, वाळलेल्या चिखलाचा थर चालत नाही. थंडीचं म्हणाल तर हे सगळं सामान उणे ४० डिग्रीपर्यंत चालेल असं बनवलेलं असतं. आपली १०-१२ डिग्री त्यांच्या खिजगणतीतही नाही.

प्रश्न (वाळवा तालुका) : सध्या हंगाम चालू आहे, रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्याच ट्रॉल्या. मुलगा रात्री उशिरा कामावरून येतो. काळजी वाटते म्हटलं तर सांगतो बाबा गाडीत ऑटो ब्रेक आहे, गाडी आपोआप थांबते. थांबते का हो खरंच?

उत्तर : काका, हे उत्तर त्याला वाचायला द्या, आणि वाचताना समोर बसा.

ऑटो ब्रेक थापा नाहीत. समोरची कार अचानक थांबली, तुमचं लक्ष नव्हतं, तर ही सिस्टीम ब्रेक मारते आणि चांगला मारते. पण ती शिकलीय कशावर, तर कार, ट्रक, मोटरसायकल आणि माणूस यांच्या आकारावर. आता आपली ट्रॉली मागनं कशी दिसते ते आठवा. दोन्ही बाजूंनी ऊस बाहेर आलेला, मागं वाढं लोंबतंय, टेललाइट नाही, रिफ्लेक्टर असलाच तर चिखलानं माखलेला, आणि एकामागं एक दोन ट्रॉल्या. गाडीबरोबर मिळालेलं पुस्तक उघडून बघा, ते कोणी उघडत नाही ही गोष्ट वेगळी, पण त्यात बहुतेक कंपन्यांनी लिहिलेलं असतंय की माल बाहेर आलेली वाहनं, वेगळ्या आकाराची वाहनं आणि थांबलेली वाहनं ओळखता येतील याची खात्री नाही.

त्यातलं ‘थांबलेली’ हे सगळ्यात महत्त्वाचं. रडारला हलणारी वस्तू ओळखणं सोपं जातं. रस्त्याकडेचा बोर्ड, पूल, कठडा, खांब या न हलणाऱ्या गोष्टींचे सिग्नलही त्याच्याकडं परत येतच असतात, आणि प्रत्येकाला बघून ब्रेक मारला तर गाडी चालवताच येणार नाही, म्हणून न हलणाऱ्या बऱ्याच गोष्टी सिस्टीम बाजूला टाकते आणि त्यातली खरी गाडी कुठली हे कॅमेऱ्यावर सोडते. आता पंक्चर झालेली ट्रॉली रस्त्याच्या कडेला उभी, मागं चार दगड लावलेत, धुकं आहे, कॅमेरा आंधळा. राहिलं काय? बैलगाडीचं तर याहून अवघड, लाकडावरनं सिग्नल लोखंडाइतका परत येत नाही.

मला विचाराल तर यातली खरी चूक गाडीची नाहीच, रिफ्लेक्टर न लावता ट्रॉली रस्त्यावर आणणाऱ्याची आहे आणि ती आणू देणाऱ्यांचीही. दर हंगामात रिफ्लेक्टर लावायची मोहीम निघते, फोटो छापून येतात, आणि जानेवारी उजाडेपर्यंत निम्मे रिफ्लेक्टर पडलेले असतात. असो.

मुलाला हा हिशोब सांगा. ताशी ८० ला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. ट्रॉली दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला तर ३३ मीटर तिथंच गेले, पुढं कोरड्या रस्त्यावर थांबायला अजून साधारण ३५, म्हणजे ७० मीटरच्या आसपास. धुक्यात दिसतंय ५० मीटर. तेच ताशी ४० ला सगळं मिळून २५-२६ मीटरमध्ये गाडी उभी राहते. पाचट पेटवलेल्या रानाजवळून जाताना धूर आणि धुकं एकत्र होतंय, तिथं याहून हळू. क्रूझ बंद. ऑटो ब्रेक मात्र चालूच ठेवायचा, तो शेवटचा आधार आहे, नसण्यापेक्षा बरा.

प्रश्न (तासगाव) : पहाटे बागेवर जायला निघालं की टायर प्रेशरचा दिवा लागतो. दुपारी आपोआप जातो. पंक्चरवाल्यानं दोनदा बघितलं, काही नाही म्हणतो. सेन्सर खराब?

उत्तर : सेन्सर ठणठणीत आहे. हवा गार झाली की आकसते, दर ५-६ डिग्रीला साधारण १ पीएसआय (टायरमधल्या हवेच्या दाबाचं माप) धरा. दुपारी ३२ डिग्रीत भरलेली ३३ पीएसआय पहाटे १२ डिग्रीला ३० च्या आसपास येते, आणि आधीच दोन-तीन कमी असेल तर दिवा लागणारच. गाडी उन्हातनं किंवा लांबनं आली की लगेच हवा भरू नका, सकाळी टायर गार असताना भरा, आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरल्या स्टिकरवर आहे. नायट्रोजन भरून हे थांबत नाही, तोही तितकाच आकसतो. एकाच टायरला रोज कमी दाखवत असेल तर मात्र खिळा शोधा. आणि दव पडलंय म्हणजे तुम्ही पहाटे औषध मारायच्या घाईत असणार हे कळतंय, पण त्या घाईतच हवा बघायची राहते.

प्रश्न (वाई) : पसरणी घाटात वळणावर गाडी उगाचच बीप करते, एकदा तर जोरात ब्रेक मारला, मागचा दुचाकीवाला थोडक्यात वाचला. आणि महाबळेश्वरला वेण्णा लेकजवळ मुक्काम केला तर सकाळी पार्किंग सेन्सर सारखे ओरडत होते.

उत्तर : घाटातल्या आवळ वळणावर रडारच्या समोर रस्ता नसतो, कठडा असतो किंवा डोंगर, नाहीतर समोरून येणारी एसटी. वळताना ते सगळं आपल्याच वाटेत आहे असं त्याला वाटतं. त्यात धुक्यानं पांढरे पट्टे पुसट झाले की लेन असिस्ट (गाडी पट्ट्यांच्या आत ठेवणारी सोय) स्टिअरिंगला नको तिथं हिसका देतो. घाट सुरू व्हायच्या आधी क्रूझ आणि लेन असिस्ट दोन्ही बंद करायचे, उतरताना गिअर खालचा ठेवायचा, आणि असा ब्रेक परत मारला तर सर्व्हिस सेंटरला दाखवून रडारची दिशा तपासून घ्यायची. बंपरला कुठं ठोका लागला असेल तर तेही सांगा, रडार थोडं जरी तिरकं झालं तरी दूरवर बराच फरक पडतो.

वेण्णा लेकचं म्हणाल तर तिथं कडाक्याच्या थंडीत दव गोठतं, गाडीच्या टपावर पांढरा थर येतो. तोच थर बंपरच्या गोल सेन्सरवर बसला की त्यांना वाटतं कुणीतरी चिकटूनच उभं आहे. हातानं पुसा, गप्प होतात. काचेवर कढत पाणी ओतू नका, हे बघितलंय म्हणून सांगतोय, लोक हॉटेलातनं चहाचं पातेलं आणून ओततात. तडा गेला तर काच बदला आणि कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशनही, म्हणजे त्याची नजर परत नीट जुळवणं, करा. गाडी चालू करून गरम हवा काचेवर सोडा, पाच-दहा मिनिटं थांबा.

प्रश्न (सातारा) : मी रोज सकाळी कोरेगावला नोकरीसाठी जाते. लाइट ऑटोवर असतात, तरी धुक्यात एका ट्रकवाल्यानं सांगितलं की ताई मागचे दिवे बंद आहेत. पुढचे तर चालू होते!

उत्तर : ट्रकवाल्याचे आभार माना. पुढं जे चालू होते ते डीआरएल, दिवसाचे दिवे, त्यांच्याबरोबर मागचे लागत नाहीत. ऑटोचा सेन्सर उजेड मोजतो आणि दिवसा धुकं पांढरंफटक असतंय, त्यामुळं त्याच्या हिशोबानं लख्ख दिवस. धुकं दिसलं की दांडी फिरवून लो बीम हातानं लावायचा, मागचा फॉग लॅम्प असेल तर तोही, आणि धुकं सरल्यावर तो आठवणीनं बंद, नाहीतर मागच्याचे डोळे दिपतात. हाय बीम नको, समोर पांढरी भिंत उभी राहते. चालत्या गाडीत चारी इंडिकेटर लावून जायची फॅशन आलीय तीही नको, वळताना कुणाला कळत नाही.

आणि तुमचा रस्ता पूर्वेला जातो. जानेवारीत सातच्या पुढं सूर्य उगवतो तो थेट काचेवर, तेव्हा पाच-दहा मिनिटं कॅमेऱ्यालाही काही दिसत नाही. अंतर वाढवा.

प्रश्न (सांगली) : जानेवारीत मनालीला आपल्याच गाडीनं जायचा बेत आहे. फोर बाय फोर आहे, स्नो मोड आहे. अजून काय लागेल?

उत्तर : जा, पण स्नो मोडवर फार विसंबू नका. फोर बाय फोर गाडीला बर्फातनं निघायला मदत करतं, थांबायला नाही, थांबायचं काम चार टायरच करतात आणि ते आपल्या उन्हाळी रबराचे, जे ७ डिग्रीच्या खाली कडक पडायला लागतं. ऑटो ब्रेकही घसरड्यावर जादू करत नाही, ब्रेक लागला तरी पकड नसेल तर गाडी घसरतच जाणार. अटल बोगदा ९.०२ किलोमीटरचा, तीन हजार मीटरच्या वर. आत रस्ता कोरडा आणि बाहेर पडताच लाहौलच्या बाजूला डांबरावर न दिसणारा बर्फाचा पातळ थर असू शकतो. टायरला बांधायची चेन घ्या, लावायची सवय घरीच करा, चेन लावून ३०-४० च्या वर जाऊ नका. टाकीतलं इकडचं डिझेल संपवत जा आणि वर चढताना तिकडंच भरा, कडाक्यात साध्या डिझेलमधलं मेण गोठतं. लडाखसाठी तर इंडियन ऑइलनं २०१९ मध्ये उणे ३३ डिग्रीला चालणारं वेगळं डिझेल आणलं. काच धुवायच्या टाकीत नुसतं पाणी नको. गाडीला डीईएफ (डिझेलचा धूर साफ करायला वेगळ्या टाकीत भरतात ते पाणी) लागत असेल तर ते उणे ११ ला गोठतं, गाडी ते स्वतः वितळवते, घाबरू नका. रस्ता बंद असेल तर तिथल्या टॅक्सीवाल्याचं ऐका, आपला नाद तिथं चालत नाही.

प्रश्न (मिरज) : नवीन गाडीच्या ग्रिलला लिंबू-मिरची आणि हार बांधलाय. रडारला त्रास होतो का?

उत्तर : बरोब्बर रडारसमोर लोंबत असेल तर होऊ शकतो, ओला जाड हार तर नकोच. लिंबू नंबर प्लेटच्या एका कडेला बांधा, दृष्ट तिथूनही निघते.