मेलबर्नमधल्या कौटुंबिक हिंसाचाराच्या सेवेत 'अ‍ॅबोरिजिनल सल्लागार' नेमकं काय काम करतात?

तुम्ही लिहिलंय की एमएसडब्ल्यूनंतर (समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीनंतर) मुंबईत 'स्पेशल सेल'मध्ये, म्हणजे पोलीस ठाण्यातल्या स्त्रियांच्या मदत केंद्रात, काम केलंय आणि आता मेलबर्नच्या एका संस्थेत अर्ज करताय. जाहिरातीत 'अ‍ॅबोरिजिनल सल्लागारांशी विचारविनिमय करून काम करावं लागेल' अशी ओळ आहे, आणि ही व्यक्ती दुभाषी असते, चालीरीती समजावणारी असते की पद नुसतं नावाला असतं, असा तुमचा प्रश्न आहे. (अ‍ॅबोरिजिनल म्हणजे ऑस्ट्रेलियाचे मूळ रहिवासी.) मी व्हिक्टोरियात, म्हणजे मेलबर्न ज्या राज्यात आहे तिथे, याच क्षेत्रात केस वर्कर आहे. मी स्वतः अ‍ॅबोरिजिनल नाही. त्यामुळे हे उत्तर त्यांच्या शेजारच्या खुर्चीवरून दिलेलं आहे, एवढं धरून वाचा.

दुभाषी तर नक्कीच नाही. व्हिक्टोरियातल्या बहुतेक अ‍ॅबोरिजिनल (इथे 'कूरी' म्हणतात) बायकांची रोजची भाषा इंग्रजीच आहे. चालीरीतींचे वर्ग घेणं हाही या कामाचा फार छोटा भाग. माझ्या मते सल्लागार आलेल्या बाईला समजवायला नसतात. त्या आपल्याला, म्हणजे सेवेला, वेळेवर आवरायला असतात.

कारण असं, की मार खाणाऱ्या कूरी बाईला भीती दोन बाजूंनी असते. एक घरातला माणूस आणि दुसरे आपण. साधारण 1910 ते 1970 या काळात सरकारने आणि मिशनऱ्यांनी अ‍ॅबोरिजिनल मुलं आईबापांपासून तोडून नेली. 1997 च्या राष्ट्रीय चौकशी अहवालात ते सगळं आलं, 2008 मध्ये पंतप्रधान केविन रड यांनी संसदेत माफी मागितली. पण हा इतिहास संपलेला नाही. आजही देशभरात अ‍ॅबोरिजिनल मुलं घराबाहेर, सरकारी देखरेखीखाली असण्याचं प्रमाण इतर मुलांच्या दहा पटींहून जास्त आहे. 'मुलांसमोर मारहाण झाली' हे वाक्य आपल्या फॉर्मवर जोखमीची एक नोंद असते. आईच्या कानाला तेच वाक्य 'मुलं नेणार' असं ऐकू येतं. ज्या बाईच्या आजीला लहानपणी गाडीत घालून नेलं होतं, ती ऑफिसातल्या अनोळखी माणसाला पहिल्याच भेटीत सगळं सांगेल ही अपेक्षाच चुकीची आहे. दुसरीकडे, कौटुंबिक हिंसाचारामुळे रुग्णालयात भरती होण्याचं प्रमाण अ‍ॅबोरिजिनल स्त्रियांमध्ये इतर स्त्रियांच्या तीस पटींहून जास्त. म्हणजे मदत न मागणंही परवडत नाही.

इथे येण्याआधी मिस धू या अ‍ॅबोरिजिनल तरुणीचं प्रकरण जरूर वाचा. (कुटुंबाच्या इच्छेला मान देऊन तिचं पहिलं नाव घेत नाहीत.) 2014 साल, पश्चिम ऑस्ट्रेलियातलं साऊथ हेडलंड, वय 22. जोडीदाराने संरक्षणाचा आदेश मोडल्याच्या तक्रारीवरून पोलीस घरी आले. तिच्या नावावर साडेतीन हजार डॉलरहून जास्त दंड थकलेला निघाला, म्हणून तिलाही आत टाकलं. जोडीदाराच्या आधीच्या मारहाणीत मोडलेल्या बरगडीत जंतुसंसर्ग झाला होता. ती दुखतंय म्हणून सांगत राहिली. दोनदा रुग्णालयात नेऊन परत कोठडीत आणली, नाटक करतेय असं ठरवलं. तिसऱ्यांदा नेलं तेव्हा तिचा मृत्यू झाला. 2020 मध्ये त्या राज्याने थकीत दंडासाठी तुरुंगात टाकण्याचा कायदा बऱ्याच अंशी बदलला. फोन पोलिसांना केला आणि उचललं मार खाणारीलाच, ही गोष्ट इथल्या प्रत्येक कूरी घरात माहीत आहे.

आता प्रत्यक्ष काम. तपशील बदलून एक प्रसंग सांगते. आमच्याकडे एका बाईची फाईल होती. पोलिसांकडून आलेली, जोखीम जास्त. बाई फोन उचलत नव्हती, ठरलेल्या भेटीला येत नव्हती. फाईलवर शेरा होता, 'प्रतिसाद नाही, केस बंद करावी'. बैठकीत सल्लागारांनी तो शेरा वाचला आणि पहिला प्रश्न विचारला, "आपला फोन लागतो तेव्हा तिच्या स्क्रीनवर काय दिसतं?" 'प्रायव्हेट नंबर' दिसतो. सुरक्षेसाठीच तसा ठेवलेला. त्या म्हणाल्या, "आमच्या घरांत प्रायव्हेट नंबर म्हणजे पोलीस, नाहीतर बाल संरक्षण खातं. मीसुद्धा उचलत नाही." मग त्यांनी तिचं कुटुंब कुठल्या गावचं हे पाहिलं. त्या बाजूला नुकताच मोठा अंत्यविधी झाला होता. कुणी गेलं की सगळे नातेवाईक शेकडो किलोमीटरवरून जमतात, काही दिवस बाकीची कामं बाजूला राहतात, गेलेल्याचं नावही बरेचदा घेत नाहीत. त्याला 'सॉरी बिझनेस' म्हणतात. तेवढ्यात आमच्यातलं कुणीतरी म्हणालं, मग तिला तिथल्याच अ‍ॅबोरिजिनल संस्थेकडे पाठवू. सल्लागारांनी लगेच थांबवलं. "तिथे रिसेप्शनवर कोण बसतं, माहीत आहे का तुम्हाला? आधी तिला विचारा."

हा शेवटचा मुद्दा नवख्या माणसाला उलटा वाटतो. अ‍ॅबोरिजिनल बाई म्हणजे अ‍ॅबोरिजिनल संस्था, असं गणित आपण मांडतो. काहींना तेच हवं असतं, आणि त्यांना ते मिळालंच पाहिजे. पण छोट्या गावात संस्थेत नवऱ्याची चुलती किंवा मावसबहीण असू शकते, म्हणून काहींना मुद्दाम बाहेरची संस्था हवी असते. निवड तिची. त्या बाईला शेवटी साधा मेसेज गेला, पाठवणारीच्या नावानिशी, आणि भेट ठरली ती मुलाला लस द्यायला ती जाणारच होती त्या आरोग्य केंद्रात. तिने घर सोडलं का? नाही. सुरक्षिततेची योजना मात्र झाली, आणि फोन उचलायला लागली.

घर सोडण्यावरून तुमची आणि सल्लागारांची पहिली चकमक होईल, असं माझं भाकीत आहे. आश्रयगृह दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर बाईचा मारणारा सुटतो, पण बहिणी, म्हाताऱ्या, स्वतःची भूमी हेही सुटतं, आणि तिला आजवर सांभाळलेलं असतं ते याच लोकांनी. म्हणून त्या आधी विचारतात की तिच्या बाजूने उभं राहणारं कोण आहे, त्यांना धरून काही होतं का. सल्लागार पुरुषांबद्दलही बोलतात. दार्डी मुनवुरोसारख्या कूरी संस्था पुरुषांसोबत वर्षानुवर्षं काम करतायत. याचा अर्थ मारहाणीला 'संस्कृती' म्हणून सूट मिळते असा काढू नका. असं कुणी सुचवलं तर सगळ्यात आधी या बायकाच खवळतात. शिवाय अ‍ॅबोरिजिनल बाईला मारणारा अ‍ॅबोरिजिनलच असेल असंही नसतं. गोरा असतो, कधी आपल्यासारखा स्थलांतरितही.

कायद्यातही फरक आहे. आपल्या भारतातल्या 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यात घरगुती नातं एका घरात राहण्याशी बांधलेलं आहे. व्हिक्टोरियाच्या 2008 च्या कायद्यात अ‍ॅबोरिजिनल परंपरेने किंवा आजच्या रीतीने जो नातेवाईक मानला जातो तोही कुटुंबात धरतात. ते कुणाला लागू पडतं हे कागदावरून कळत नाही, तिथेही विचारावंच लागतं.

ही पदं आली कुठून हे थोडक्यात. 2002 पासून काम करणारी जिर्रा ही कूरी स्त्रियांची कायदेशीर मदत संस्था, त्याआधीचं 1970 च्या दशकातलं एलिझाबेथ मॉर्गन हाऊस, अशी समाजाची स्वतःची कामं आधीपासून होती. 2016 मध्ये कौटुंबिक हिंसाचारावरच्या व्हिक्टोरियाच्या रॉयल कमिशनने, म्हणजे चौकशी आयोगाने, 227 शिफारशी केल्या. 2018 मध्ये समाज आणि सरकार यांच्यात 'धेल्क जा' हा दहा वर्षांचा करार झाला आणि त्याच वर्षी मदतीची 'ऑरेंज डोअर' केंद्रं उघडू लागली. तिथे अ‍ॅबोरिजिनल कार्यकर्त्या असतात. मुलांच्या बाबतीत लाकिजेका नावाची वेगळी सल्लासेवा आहे, बाल संरक्षण खात्याला तिच्याशी बोलावं लागतं.

तुम्हाला हे एका गोष्टीने पटकन कळेल. टाटा इन्स्टिट्यूटने 1984 मध्ये मुंबईत सुरू केलेल्या स्पेशल सेलची कार्यकर्ती पोलीस ठाण्यात बसते पण पोलिसांची नसते. सल्लागारांचं तसंच आहे, फक्त ओझं जास्त. रविवारी अंत्यविधीला त्यांना तीच कुटुंबं भेटतात, आणि 'तुमच्या ऑफिसने आमच्या पोरीचं काय केलं' हे त्यांनाच ऐकावं लागतं. आपण संध्याकाळी घरी जातो, त्या जात नाहीत म्हटलं तरी चालेल. म्हणून निर्णय झाल्यावर 'एकदा नजर टाका' म्हणून फाईल नेऊ नका, आधी न्या, आणि बाईची संमती घेऊन न्या, कारण सल्लागार तिच्या नात्यातल्याही निघू शकतात. 'अ‍ॅबोरिजिनल किंवा टोरेस स्ट्रेट आयलंडर (उत्तरेकडच्या बेटांवरचे मूळ रहिवासी) आहात का' हे प्रत्येकीला विचारा, मुलांबद्दलही विचारा. रंगावरून काहीही कळत नाही. आणि ऑफिसातलं पोस्टर कुठे लावायचं, कार्यक्रमाची सुरुवात कोण करणार, यासाठी त्यांच्यामागे लागू नका. त्यांच्या आठवड्यातले कितीतरी तास असेच जातात, आणि याचा मला राग आहे.

पद नावाला असतं का? काही ठिकाणी असतं, हो. ते ओळखायला मुलाखतीत दोन प्रश्न विचारा. सल्लागारांचं मत फाईलमध्ये लेखी नोंदवलं जातं का, आणि टीम लीडर व सल्लागार यांचं पटलं नाही तर शेवटचा शब्द कुणाचा? पहिल्याचं उत्तर अडखळत आलं तर मी दुसरी संस्था बघेन. सल्लागार एकच आहेत की सोबत आणखी कुणी आहे, हेही जमल्यास विचारून घ्या. एकटीला बसवलेली जागा फार काळ टिकत नाही.