मुंबई ते न्यूयॉर्क हवाई अंतर किती आहे आणि प्रवासाला प्रत्यक्षात किती तास लागतात?

आपले आई-वडील जुलैमध्ये लेकीच्या बाळंतपणासाठी जळगाव जिल्ह्यातील चोपड्याहून न्यूयॉर्कला निघणार आहेत. तिकिटावर ‘१२ जुलै, रात्री २.००’ ला निघून ‘१२ जुलै, सकाळी ८.३०’ ला पोहोचणे असे लिहिलेले पाहून प्रवास साडेसहा तासांचाच आहे का, असे आपण विचारले आहे. विमान थेट असले, तरी हा प्रवास जवळजवळ सोळा तासांचा आहे. तिकिटावरील प्रत्येक वेळ त्या त्या गावच्या घड्याळाची असते आणि न्यूयॉर्कचे घड्याळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेनऊ तास, तर हिवाळ्यात साडेदहा तास मागे असते. म्हणजे ते उतरतील तेव्हा चोपड्यात संध्याकाळचे सहा वाजलेले असतील.

अंतराबद्दल सांगायचे तर, सर्वांत जवळच्या मार्गाने ते सुमारे १२,५०० किलोमीटर भरते. मी जळगावला भूगोल शिकवतो. वर्गातील पृथ्वीगोलावर मुंबई आणि न्यूयॉर्क यांच्यामध्ये दोरा ताणून धरला की तो सरळ पश्चिमेला न जाता उत्तरेकडे चढतो, अफगाणिस्तान, रशिया आणि आइसलंडवरून थेट ६५ अंश अक्षांशाजवळ पोहोचतो आणि ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला स्पर्श करून खाली उतरतो. सपाट नकाशावर ही वाट लांबची दिसते, पण जवळची तीच आहे. प्रत्यक्षात मात्र विमान त्या दोऱ्यावरून तंतोतंत जात नाही, कारण वाऱ्यानुसार मार्ग रोज बदलतो आणि काही देशांची हवाई हद्द बंद असते. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हद्द बंद केली, तेव्हापासून आपल्या कंपन्यांच्या विमानांना वळसा घ्यावा लागू लागला.

परतीचा प्रवास तास-दीड तासाने कमी होतो, कारण साधारण दहा किलोमीटर उंचीवरील जेट प्रवाह पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात आणि येताना विमानाला मागून रेटा देतात.

तथापि, मला अधिक काळजी वाटते ती तारखेची. १२ तारखेच्या रात्री दोनचे विमान म्हणजे ११ तारखेची रात्र उलटल्यावरचे विमान. त्यामुळे त्यांनी ११ तारखेलाच सकाळी घरून निघायला हवे. जळगाव ते मुंबई रेल्वेचे अंतर सुमारे ४२० किलोमीटर आहे, पावसाळ्यात कसारा घाटात गाड्या रखडतात आणि विमानतळावर निदान तीन तास आधी पोहोचावे लागते, म्हणून संध्याकाळपर्यंत ठाण्याला उतरवणारी गाडीच धरावी. सकाळी आठला चोपडा सोडल्यास न्यूयॉर्कला उतरेपर्यंत ३४ तास होतात. एवढा वेळ वडीलधाऱ्यांना झेपावा, यासाठी विमानात त्यांना मधल्या वाटेलगतच्या जागा आत्ताच राखून घ्याव्यात आणि नेहमीची औषधे भारतीय वेळेने घ्यावीत की तिथल्या, हे निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून द्यावे.